पोचा

दोनशे अठरा पानं आहेत माझी.
नाशिकच्या तांबट आळीतल्या कारागिरांची श्रवणक्षमता.
सहा वर्षं, बेचाळीस माणसं, चौऱ्याऐंशी कान.
विद्यापीठाचं पत्र आलं: प्रत्येक प्रबंधाचा
एक मिनिटाचा व्हिडिओ करा,
विषय लोकांपर्यंत पोचला पाहिजे.

रात्री कॉलेज रोडच्या खोलीत
फाइल लोटली यंत्राच्या पोटात.
चहाला उकळी येईतो त्याचं वाचून झालं.
माझ्या गाईडना अकरा महिने लागले होते,
आणि तिसरं प्रकरण त्यांनी गाळलं असावं
असा माझा अजून संशय आहे.

यंत्रानं विचारलं, सूर कसा हवा?
प्रेरणादायी, गंभीर, खेळकर?
मी लिहिलं, खरा.
त्यानं गंभीर घेतला.

पहाट. घाट. पाण्यावर दिवे
(घाटाबद्दल मी एक ओळ लिहिलेली नाही).
सोनेरी उजेडात पांढऱ्या दाढीचा म्हातारा
हातोडी उचलतो, आणि ठण्ण.
मागे बासरी.
मग बाईचा आवाज, मधात बुडवलेला:
शतकांची परंपरा, पण किंमत कोण मोजतं?

कबूल करते, डोळे भरून आले.
स्वतःच्या प्रबंधावर, पहिल्यांदाच.

बासरी काढ म्हटलं, तर सतार आली.
घाट काढ म्हटलं, तर क्षमा मागून
देऊळ आणलं.
आणि मर्यादांचं प्रकरण दर वेळी गळून पडलं:
नमुना लहान; बायका सहाच,
त्याही भांडी उजळणाऱ्या,
ज्यांच्या कानांना कुणी कारागीर म्हणत नाही.
हे पान एकशे एक्याण्णव.
साठ सेकंदांत तिथवर कोण जातं?

रविवारी बंडूनाना वडक्यांकडे गेले.
नोंद क्रमांक सतरा, वय एकाहत्तर.
चार हजार हर्ट्झपाशी
त्यांच्या आलेखाची रेघ खाली बसते.
आम्ही तिला खाच म्हणतो.
नानांनी तेव्हा कागद हातात धरून
बोट फिरवलं होतं तिच्यावरून:
पोचा आलाय की गं.
तो शब्द प्रबंधात नाही. गाईड नको म्हणाल्या.

मोबाइल दिला. आवाज पूर्ण मोठा केला,
आणि मग लक्षात आलं काय करतेय ते.
मध आळीभर सांडला.
समोरच्या दुकानातल्या पोरानं वळून पाहिलं.
नानांनी नाही.

दोनदा बघितलं त्यांनी, चष्मा कपाळावर चढवून.
हा कोण?
कोणी नाही नाना, यंत्रानं केलाय, मी जोरात म्हटलं.
ते कळलं. भांडं बघ.
एवढा ठोकतोय, मठार कुठाय?
पत्रा आरशासारखा.
या भांड्याला कुणाचा हात लागलेला नाही.
आणि याला ऐकू येतं.

कशावरून?

ठोक्यागणिक डोळे मिटतोय बघ.
आम्ही नाही मिटत.
कशाला मिटायचे?

मग त्यांचाच हात घेतला मोबाइलवर,
घंगाळाच्या काठाशी, बावन्न सेकंद.
घरी येऊन यंत्राला सांगितलं:
म्हातारा नको, बाई नको, वाद्य नको.
तक्ता क्रमांक नऊ घे,
आणि नोंद सतराला ऐकू येईल
तसा कर हा आवाज.

हे मात्र त्यानं चोख केलं.
एकही प्रश्न न विचारता
ठण्णमधला ण्ण काढून टाकला.
उरला ठ.
ठ. ठ. ठ.
उशीवर थाप मारावी तसा.
मी दिवा घालवून ऐकत बसले.

विभागप्रमुखांचा फोन आला:
चित्र उत्तम, आवाज खराब आलाय,
तेवढा दुरुस्त करून पाठवा.

पाठवायच्या आधी नानांकडे गेले.
मूळचा आवाज ऐकवला, कानाशी धरून.
मग हा.
कोणता बरा, नाना?

त्यांनी दोन्ही पुन्हा ऐकले,
मान तिरकी करून, मन लावून.
दोन कुठे आहेत, म्हणाले,
एकच तर लावतेयस मघापासून.

म्हणजे बरोबर आलाय.